सुपरहिरोंचे फेरफार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पुढं काउंटरवर सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा. मागच्या खोलीत दोन लोखंडी रॅक, त्यांवर कॉमिक्स. एका दिवसाचं भाडं पाच रुपये. हिंदीतले राज कॉमिक्स बहुतेक नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकवाल्यांकडून आणलेले, मराठी इंद्रजाल काकांच्या पेटीतले, आणि इंग्रजी सुपरमॅन-स्पायडरमॅन मिळतील तसे, मिळतील त्या क्रमानं. सगळा घोळ या क्रमाचाच आहे. पोट्टे अंक परत आणतात तेव्हा पाच रुपयांसोबत एक प्रश्नही आणतात, आणि नेमकं तेव्हाच पुढं कोणी काका फेरफाराची नक्कल मागत उभे असतात. तीच ती उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. प्रश्न पोरांच्याच तोंडचे ठेवले आहेत.

कंटिन्युइटी म्हणजे काय असते भाऊ?

मेळ. मागच्या महिन्यात हिरोचा हात मोडला असेल तर या महिन्यात प्लास्टर दिसलं पाहिजे, आणि दिसलं नाही तर ते कधी काढलं हे कोणीतरी सांगितलं पाहिजे. एकाच माणसानं लिहिलेल्या कादंबरीत हे सांभाळणं काही मोठं काम नाही. पण सुपरमॅन पहिल्यांदा आला जून १९३८ च्या अंकात, बॅटमॅन १९३९ मध्ये (दोघंही डीसी कंपनीचे), आणि त्यांची गोष्ट अजून चालूच आहे. लिहिणारे बदलले, चित्रं काढणारे बदलले, संपादक बदलले. शिवाय एकाच महिन्यात सुपरमॅन स्वतःच्या दोन-तीन मासिकांत, जस्टिस लीग या हिरोंच्या टोळीत आणि वर बॅटमॅनकडं पाहुणा. दुसरी मोठी कंपनी मार्व्हल. तिनं १९६१ मध्ये फॅन्टास्टिक फोर काढलं, १९६२ मध्ये हल्क आणि स्पायडरमॅन, आणि या सगळ्यांना एकाच न्यूयॉर्क शहरात राहायला ठेवलं. धुरा (बांध) सामायिक झाला की एकाच्या वावरात सोडलेलं पाणी दुसऱ्याच्या पऱ्हाटीत जाणारच.

मंग पहिले कोणी हे पाहत नव्हतं काय?

फारसं नाही. जुन्या संपादकांचा हिशेब सरळ होता. वाचणारं पोरगं दोन-चार वर्षांत कॉमिक सोडेल, त्याच्या जागी नवं येईल, जुना अंक रद्दीत जाईल. तीच गोष्ट जरा फिरवून परत छापली तर कोणाच्या लक्षात येणार? सुपरमॅनचं लग्न, सुपरमॅनचा मृत्यू असे मोठे प्रसंग तर ‘काल्पनिक कथा’ असा शिक्का मारून छापायचे, म्हणजे पुढच्या महिन्यात कोणतीच जबाबदारी नाही. (बाकीच्या जशा काही सत्यकथाच होत्या.)

पण पोरं मोठी झाली तरी वाचत राहिली, अंक जपायला लागली आणि पत्रं लिहायला लागली. तिकडं मार्व्हलमध्ये स्टॅन ली एका वेळी इतकी मासिकं लिहायचा की नावांची गफलत व्हायची. १९६३ च्या अमेझिंग स्पायडरमॅनच्या पहिल्याच अंकात पीटर पार्करचा पीटर पामर झालेला आहे. पुढच्या वर्षी हल्कच्या ब्रूस बॅनरचा बॉब बॅनर झाला. वाचकांनी धरल्यावर खुलासा आला की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. आधारवर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं असलं की माझ्या काउंटरवर लोक ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतात. हे तेच.

याच काळात मार्व्हलनं ‘नो-प्राइझ’ नावाचं बक्षीस काढलं. चूक दाखवणाऱ्यापेक्षा ती चूक मुळात चूक कशी नाही, हे पटवून देणाऱ्या वाचकाची त्यात जास्त कदर होती. बक्षीस म्हणजे पोस्टानं आलेलं छापील पाकीट, आत काही नाही. मला ही कल्पना आजही आवडते. दुरुस्तीचं काम वाचकावर टाकलं, तेही फुकटात, आणि वाचक खूष.

बॅटमॅन बुढा काहून होत नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. उत्तर द्यायला मला आमच्या गावातले बुढे लागतात.

आमच्याकडं अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी तीच तारीख टाकली. त्यामुळे खरं वय कोणालाच माहीत नाही आणि दरवर्षी जमेल तसं सांगता येतं. कॉमिकवाल्यांनी हेच केलं. मार्व्हलचा अलिखित नियम असा की फॅन्टास्टिक फोरच्या पहिल्या साहसाला ‘आजपासून दहा-पंधरा वर्षं’ झाली. हा ‘आज’ पुढं सरकतो तशी सुरुवातही मागून सरकत येते. याला सरकता काळ म्हणतात. फॅन्टास्टिक फोरमधल्या रीड रिचर्ड्‌सचा मुलगा फ्रँकलिन १९६८ मध्ये जन्मला आणि त्यानंतर कित्येक दशकं लहानच राहिला.

आता अडचण. मोवाडचा पूर १९९१ चा, हे आमच्या भागात लहानथोर सगळ्यांना पक्कं माहीत आहे. ‘पुराच्या साली मी दहावीत होतो’ असं ज्याच्या तोंडून एकदा निघालं, त्याला पुढं वय चोरता येत नाही. आयर्न मॅनच्या तोंडून असंच निघून गेलं. १९६३ च्या पहिल्या गोष्टीत टोनी स्टार्क व्हिएतनाममध्ये जखमी होतो आणि शत्रूच्या कैदेत कवच बनवतो. व्हिएतनाम पकडून हिशेब केला तर तो आज नव्वदीच्या घरात जाईल. म्हणून पुढच्या लेखकांनी युद्ध बदललं. आखात झालं, अफगाणिस्तान झालं. पण दर वीस वर्षांनी नवं युद्ध शोधायचं म्हणजे काही बरी गोष्ट नाही. शेवटी २०१९ मध्ये मार्व्हलनं सियानकाँग नावाच्या एका खोट्याच देशातलं खोटंच युद्ध काढलं आणि व्हिएतनामच्या तारखेला अडकलेले सगळे हिरो तिकडं वळवले. नसलेल्या देशातलं युद्ध, तेव्हा त्याला साल नाही, आणि साल नाही म्हणून वय नाही. हेडमास्तरांचा एक जूनच.

कॅप्टन अमेरिकाचं मात्र बरं आहे. तो १९४१ चा, दुसऱ्या महायुद्धातला, आणि १९६४ च्या अव्हेंजर्सच्या चौथ्या अंकात बर्फात गोठलेला सापडला. तेव्हा तो वीस वर्षं गोठलेला होता, आता सत्तर-ऐंशी. बर्फात कितीही वर्षं घाला, बर्फ काही तक्रार करत नाही.

एक्स-मेन या मार्व्हलच्या टोळीचा वैरी मॅग्नेटो, त्याचं प्रकरण याहून गंभीर आहे. तो ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला. हे १९८० च्या दशकात ठरलं आणि त्यानं त्या पात्राला जे वजन आलं ते मोठं होतं. ते युद्ध बदलून दुसरं लावता येत नाही, आणि कोणी तसं करूही नये. मग तो इतका तगडा कसा? योगायोगानं १९७४ च्या एका अंकात त्याला तान्हं बाळ करून टाकलं होतं, आणि काही वर्षांनी परत तरणाबांड केलं होतं. लिहिणाऱ्याला तेव्हा काय कल्पना, की हा पोरखेळ पुढं वयाचा पुरावा म्हणून कामी येणार आहे.

पण रॉबिन तर मोठा झाला ना?

झाला, आणि तिथंच बॅटमॅनची पंचाईत आहे. डिक ग्रेसन १९४० मध्ये रॉबिन म्हणून आला तेव्हा पोरगा होता. तो १९८४ मध्ये नाइटविंग झाला. मग जेसन टॉड, मग टिम ड्रेक, आणि २००९ पासून बॅटमॅनचा स्वतःचा मुलगा डेमियन. चार पोरं वाढवणारा बाप पस्तिशीचाच राहतो. २०११ मध्ये डीसीनं सगळं नव्यानं सुरू केलं तेव्हा हिरो जगासमोर येऊन पाचच वर्षं झाली असं ठरवलं, पण चारही रॉबिन ठेवले. पाच वर्षांत चार. आमच्याकडं सालदार इतक्या लवकर बदलत नाहीत.

दोन-दोन फ्लॅश कसे काय?

जुना फ्लॅश जे गॅरिक, १९४० चा, डोक्यावर पत्र्याची टोपी. त्याचं मासिक बंद पडलं. १९५६ मध्ये डीसीनं नवा फ्लॅश काढला, बॅरी ॲलन. आणि गंमत म्हणून या नव्या फ्लॅशला जुन्या फ्लॅशचं कॉमिक वाचताना दाखवलं. म्हणजे बॅरीच्या जगात जे गॅरिक हा कागदावरचा हिरो.

मग १९६१ मध्ये लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार कार्माइन इन्फँटिनो आणि संपादक ज्युलियस श्वार्ट्‌झ यांनी द फ्लॅशच्या १२३ व्या अंकात दोघांची भेट घडवली. दोन पृथ्व्या एकाच जागेवर आहेत, फक्त वेगवेगळ्या गतीनं कंप पावतात म्हणून एकमेकींना दिसत नाहीत, असा खुलासा केला. जुने हिरो पृथ्वी-दोनवर, नवे पृथ्वी-एकवर. इतका सोपा तोडगा कॉमिकच्या इतिहासात मी दुसरा पाहिला नाही. एका फटक्यात वीस वर्षांचा बेमेळ मिटला आणि वर पाहुणचाराच्या गोष्टी लिहायला मोकळं रान मिळालं.

मोकळं रान मिळालं की काय होते, माहीत आहे. पृथ्वी-तीन आली, जिथं हिरो ते गुंड. मग दुसऱ्या कंपन्यांकडून घेतलेल्या पात्रांसाठी आणखी पृथ्व्या. मग त्यांचाच हिशेब ठेवायला माणूस लागायला लागला.

क्रायसिसमध्ये नेमकं काय झालं? तुमच्या रॅकमध्ये त्याचा पहिला अंकच नाही.

नाही, आणि तिसराही नाही. बारा अंकांचा पूर्ण संच म्हणून एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला होता. खोकं उघडलं तर दहा. भांडण केलं, पैसे अर्धे परत आले, अंक आलेच नाहीत. त्यातही मी हाताला लागला तो आठवा अंक आधी वाचला, म्हणजे बॅरी ॲलन माझ्यासाठी आधी मेला आणि मग त्याची माझी ओळख झाली.

तर, क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स. १९८५-८६, लेखक मार्व वुल्फमन, चित्रं जॉर्ज पेरेझ. इतक्या पृथ्व्यांमुळे नवा वाचक गोंधळतो, म्हणून सगळ्या वितळवून एकच पृथ्वी करायची हा बेत. विश्वं पुसत जाणारी पांढरी लाट येते, सातव्या अंकात सुपरगर्ल मरते, आठव्यात बॅरी. पेरेझनं एकेका पानावर इतकी पात्रं कोंबली आहेत की भिंग घेऊन बसावं. वाचायला आजही थरार आहे.

घोटाळा नंतर झाला. सगळी पुस्तकं एकाच महिन्यात, एकाच आराखड्यानं सुरू व्हायला हवी होती. तसं झालं नाही. सुपरमॅन १९८६ मध्ये जॉन बर्ननं पहिल्यापासून लिहिला, वंडर वुमन १९८७ मध्ये पेरेझनं, बॅटमॅनचं थोडं बदललं थोडं नाही, आणि काहींनी जणू काही झालंच नाही असं मागच्या पानावरून पुढं चालू ठेवलं. गावाची नवीन मोजणी करायची, पण मोजणीदार प्रत्येक वावरात वेगळ्या वर्षी यायचा, असं.

त्यात सर्वांत जास्त वाट कोणाची लागली?

इथं माझं मत आणि माझ्या भाच्याचं मत वेगळं आहे. तो म्हणते हॉकमॅन, मी म्हणतो डोना ट्रॉय.

हॉकमॅन आधी घेऊ. १९४० चा हॉकमॅन म्हणजे कार्टर हॉल, प्राचीन इजिप्तच्या राजपुत्राचा पुनर्जन्म. १९६१ चा हॉकमॅन म्हणजे कटार होल, थानागार ग्रहावरचा पोलीस. दोन पृथ्व्या होत्या तोवर भांडण नव्हतं. एक झाल्यावरही कसंतरी चाललं. मग १९८९ मध्ये हॉकवर्ल्ड आलं, थानागारची फार सुंदर गोष्ट, आणि त्यापुढच्या मासिकात असं ठरलं की कटार पृथ्वीवर आत्ताच, पहिल्यांदा येतो आहे. अरे बाप्पा, मग इतकी वर्षं जस्टिस लीगमध्ये पंख लावून बसला होता तो कोण? आधी म्हणाले तो कार्टर हॉल. जिथं कार्टर बसेना तिथं म्हणाले तो थानागारचा हेर होता. १९९४ मध्ये झिरो अवर या मालिकेत सगळ्यांना कालवून एकच हॉकमॅन केला, तो आणखी अगम्य. एकाच गट नंबरवर तीन मालक आणि तिघांकडं खरेदीखत. २०१८ मध्ये रॉबर्ट व्हेंडिट्टीनं सोडवलं ते असं : हा आत्मा फक्त काळात नाही, अवकाशातही जन्म घेतो, तेव्हा इजिप्तचा राजपुत्र, कार्टर, कटार, सगळे तोच. तिन्ही खरेदीखतं खरी. पुनर्जन्माची गोष्ट होतीच हाताशी, तरी इतकी वर्षं लागली.

डोना ट्रॉयचा तर जन्मच चुकीतून झाला. वंडर गर्ल म्हणजे वंडर वुमनच, पण शाळकरी वयातली. वंडर वुमनच्या अंकांत ‘अशक्य कथा’ म्हणून या दोघी एकत्रही दिसायच्या. १९६५ मध्ये टीन टायटन्सची टोळी जमवताना रॉबिन, किड फ्लॅश यांच्याबरोबर वंडर गर्लही घेतली गेली, वेगळी मुलगी समजून. स्वतःच्याच बालपणासोबत एकाच काळात वावरणारी बाई! चार वर्षं कोणी बोललं नाही. १९६९ मध्ये मार्व वुल्फमननं तिला गोष्ट दिली : आगीतून वंडर वुमननं वाचवलेलं अनाथ पोर, नाव डोना ट्रॉय. ही दुरुस्ती मला फार आवडते. चुकीतून जन्मलेल्या मुलीला आईबाप माहीत नाहीत, हेच तिचं दुःख केलं.

आणि मग त्याच वुल्फमनच्या क्रायसिसनंतर वंडर वुमन जगात १९८७ मध्ये पहिल्यांदा येते. डोना तर आधीपासून वंडर गर्ल आहे. जिच्यावरून नाव घेतलं तीच अजून आलेली नाही, आणि जिनं आगीतून काढलं तीही नाही. म्हणून नवा जन्म दिला : पुराणातल्या टायटन देवांनी तिला वाढवलं. पुढं आणखी एक : ती वंडर वुमनचं जादूनं आरशातून काढलेलं प्रतिबिंब. मी जन्माचे दाखले काढून देतो. एका बाईचे चार दाखले, चारही वेगवेगळे, आणि बाई खरी, समोर उभी. भाच्याला म्हटलं, हॉकमॅनला निदान मालक तरी होते.

रिटकॉन म्हणजे खोटं बोलणंच ना?

नाही. रिटकॉन म्हणजे फेरफार. हा इंग्रजी शब्द १९८३ मध्ये ऑल-स्टार स्क्वाड्रन या मासिकाच्या पत्रांच्या पानात छापला गेला, रॉय थॉमसच्या संपादनाखाली. मागं घडलेल्या गोष्टीत आज नोंद घालायची.

फेरफार कसा होतो ते पाहा. तलाठी जुनं नाव खोडत नाही. त्याला कंस करतो, शेजारी फेरफार क्रमांक घालतो, नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. म्हणून आज माझ्याकडं येऊन कोणी पन्नास वर्षांपूर्वीचा मालक कोण विचारला तर कागदावरून सांगता येते. रिटकॉनही मी याच मापानं मोजतो : कंस केला, की पान फाडलं?

कंस केल्याचं उदाहरण. कॅप्टन अमेरिका १९४५ पासून बर्फात होता म्हणतात, पण १९५३-५४ मध्ये त्याच कंपनीनं कॅप्टन अमेरिकाचे अंक छापले आहेत, कम्युनिस्टांना झोडपणारे. बर्फातून बाहेर येऊन झोडपत होता काय? पुष्कळ वर्षं ते अंक नसल्यासारखे वागले. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्टनं सांगितलं की तो दुसराच माणूस होता, ज्यानं मूळ कॅप्टनच्या वेडापायी चेहरासुद्धा बदलून घेतला, आणि सदोष औषधानं त्याचं डोकं फिरलं. जुने अंक खरेच राहिले, उलट त्यांना नवा अर्थ आला : खरा कॅप्टन आणि त्या दशकाच्या भीतीतून निघालेला कॅप्टन समोरासमोर. चूक झाकता झाकता एंगलहार्टच्या हाती मूळ अंकांपेक्षा चांगली गोष्ट लागली.

पान फाडल्याचं उदाहरण. पीटर पार्कर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ चं. वीस वर्षं संसार झाला. २००७ मध्ये, पीटरला वाढवणारी मे काकू मरणाच्या दारात असताना, मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून पीटर ते लग्नच इतिहासातून पुसून टाकतो, कारण लग्न झालेला स्पायडरमॅन जुना वाटतो असं संपादकांचं मत. घटस्फोट नको, मृत्यू नको, नोंदच नको. आणि हीच मे काकू १९९५ मध्ये ४०० व्या अंकात वारली होती. तो अंक वाचताना मी रडलो आहे, खोटं कशाला सांगू. १९९८ मध्ये कळलं की मेली ती काकूचं सोंग घेतलेली नटी होती. माझं रडणं कोणत्या खात्यात जमा करायचं, हे कोणी सांगितलं नाही.

मेलेला माणूस परत आला तर मंग मरण्याले काय अर्थ?

कमीच अर्थ. तरी परत आणण्याचेही प्रकार आहेत. एक्स-मेनची जीन ग्रे १९८० मध्ये स्वतःच्या हातानं मेली, कारण फिनिक्स झाल्यावर तिच्या हातून एक अख्खं सूर्यकुळ नष्ट झालं होतं. तिला परत आणायचं तर इतक्या जिवांचं पाप कोणाचं? १९८६ मध्ये खुलासा आला की ती फिनिक्स म्हणजे जीनची नक्कल होती, खरी जीन समुद्रतळाशी कोशात निजलेली. ही युक्ती कर्ट ब्युसिकला सुचली होती, तो अजून नुसता वाचक असताना. तोंडोतोंडी जॉन बर्नपर्यंत गेली. पुढं ब्युसिक स्वतः नावाजलेला लेखक झाला. युक्ती हुशारीची आहे. पण जीननं केलेला त्याग तिचा राहिला नाही, नकलेचा झाला.

जेसन टॉडचं मरण तर वाचकांनी फोन करून ठरवलं. १९८८, मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. बहात्तर मतांचा फरक. ग्रामपंचायतीत यापेक्षा कमी फरकानं माणसं पडतात, पण जिवानिशी जात नाहीत. तो २००५ मध्ये परत आला, आणि कारण दिलं की दुसऱ्या एका सुपरबॉयनं विश्वाच्या भिंतीवर बुक्क्या मारल्या, त्या हादऱ्यानं इतिहास हलला. याला माझ्याकडून रिकामं पाकीटसुद्धा नाही.

बकी, म्हणजे कॅप्टन अमेरिकाचा महायुद्धातला जोडीदार? त्याला वेगळाच लेख लागेल. २००५, एड ब्रुबेकर, विंटर सोल्जर. वाचा. तिथं परत येण्याची किंमत मोजलेली आहे.

नागराजची आई कोण? दोन अंकांत दोन गोष्टी आहेत.

दोन्ही बरोबर वाचल्या तू. १९८६ च्या पहिल्या अंकात राज कॉमिक्सचा नागराज म्हणजे प्रोफेसर नागमणीनं तयार केलेलं विषारी हत्यार, अतिरेक्यांना भाड्यानं द्यायचं. आईबापांचा पत्ता नाही. बाबा गोरखनाथ त्याला नागमणीच्या ताब्यातून सोडवतात. पुढं १९९० च्या दशकात अनुपम सिन्हांनी त्याला राजघराणं दिलं : बाप तक्षकराज, आई ललिता, आणि नागमणीनं सांगितलेलं ते अर्धसत्य. हा कंसवाला फेरफार. नागमणी खोटारडा होताच, त्यामुळे त्याचं बोलणं खोटं निघालं तर कोणाला धक्का नाही.

नंतर मात्र विश्वरक्षक नागराज, आतंकहर्ता नागराज, नरक नाशक नागराज असे वेगवेगळे सातबारे निघाले. रॅकवर मी तिघांच्या पुठ्ठ्यावर वेगळ्या रंगाची टिकली लावली आहे. ती काढू नका रे.

राज कॉमिक्सच्याच सुपर कमांडो ध्रुवचं तुलनेनं स्वच्छ आहे. सर्कशीत आईबाप जळाले, पोलीस अधिकाऱ्यानं दत्तक घेतलं, शक्ती काही नाही. बराच काळ एकाच हातानं लिहिलं-काढलं की असं स्वच्छ राहते. चाचा चौधरीत मेळाचा प्रश्नच नाही; साबू गुरू ग्रहावरून आला, विषय संपला.

इंद्रजालमधला वेताळ वेगळा. ‘हा चालता-बोलता वेताळ कधी मरत नाही’ असं जंगल समजतं, पण खरं तर बाप मेला की पोरगा मुखवटा घालतो, १५३६ पासून. म्हातारपणावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. प्रत्येक वेताळ आपली हकीकत कवटीगुहेतल्या जाड वह्यांत लिहून ठेवतो, म्हणजे अभिलेख कक्षसुद्धा घरचाच. आणि इतकं करून १९३६ पासून आजवर आपण एकविसाव्या वेताळाचंच वाचतो आहोत. बाविसावा अजून शिकूनच राहिला.

सिनेमातलं आणि कॉमिकमधलं जग एकच काय?

वेगळं. मार्व्हलच्या कॉमिकमधल्या मुख्य पृथ्वीचा नंबर ६१६. सिनेमाच्या पृथ्वीला मार्व्हलच्या माहितीपुस्तकांत १९९९९९ हा आकडा होता, मग २०२२ च्या डॉक्टर स्ट्रेंजच्या सिनेमात तिलाही ६१६ म्हणून टाकलं. एक गट नंबर, दोन गावं. यावरून माझ्या दुकानात भांडू नये.

सगळं पुसून एकदाचं नवीन काहून करत नाहीत?

करून पाहिलं. २०११ मध्ये डीसीनं बावन्न मासिकं नंबर एकपासून सुरू केली. खप वाढला, मग उतरला, आणि २०१६ पर्यंत हरवलेलं जुनं परत आणायला सुरुवात झाली, कारण लोकांना नव्या जगात जुन्या मैत्रीच सापडेनात. मार्व्हलनं २००० मध्ये हुशारी केली : जुनं तसंच ठेवून शेजारी अल्टिमेट नावाचं कोरं जग काढलं. पंधरा वर्षांत त्या कोऱ्या जगातही इतका गुंता झाला की २०१५ मध्ये ते मोडावं लागलं. मात्र तिथला माइल्स मोरालेस वाचला आणि मुख्य जगात राहायला आला.

ज्यांना काळ खरा पाहायचा आहे त्यांनी १९७७ पासूनचा जज ड्रेड किंवा १९९२ पासूनचा सॅव्हेज ड्रॅगन पाहावा. तिथं वर्षाला वर्ष जाते, माणसं थकतात, पोरं मोठी होतात. माझ्याकडं दोन्ही नाहीत.

मी कुठून सुरू करू?

जो अंक हाती लागेल तिथून. मी आठव्यापासून केलं. मागचं काय झालं ते विचारायला मी आहे, पण दुपारी दोन ते चार नको. तेव्हा सर्व्हर सुरू असतो आणि लोक दाखल्यासाठी ताटकळतात.

ध्रुवच्या त्या अंकातलं वाळवीनं खाल्लेलं पान कुठं मिळेल?

अजून मिळालं नाही. मागच्या पावसाळ्यात खालच्या कप्प्याला वाळवी लागली आणि नेमकं एक पान गेलं. डावीकडं ध्रुव दोरीनं बांधलेला, उलटून पाहिलं तर मोटरसायकलवर. मधे काय झालं ते वाळवीला माहीत.

आठवीतला एक पोट्टा चौकटीच्या वहीत सगळ्या अंकांची नोंद ठेवतो. अंक, घटना, आणि पुढं कोणत्या अंकानं ती खोटी पाडली ते. खोटी पडलेली घटना तो खोडत नाही, लाल पेनानं कंस करतो. काउंटरवर सातबारा पाहून पाहून शिकला. त्या पानाबद्दल त्यानं सगळ्यांना विचारलं. एक म्हणाला दात वापरून सुटला, दुसरा म्हणाला पक्ष्यांना बोलावलं (ध्रुवला त्यांची भाषा येते), तिसऱ्याच्या मते बूटात ब्लेड होतं. वहीत तिन्ही पेन्सिलीनं लिहिली आहेत, एकाखाली एक. मी विचारलं, खरं पान सापडलं तर खोडशील का? तो म्हणाला, काहून खोडू, कंस करीन.

कोणाकडं तो अंक असला तर एक पान झेरॉक्सपुरता आणावा, पैसे मी देईन. तोवर त्या अंकाचं भाडं तीन रुपये.